गोळी एक, खिडक्या तीन

१९८६ साली भारतात दोन घटना घडल्या. चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासेत, मद्रास मेडिकल कॉलेजमधील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये त्यांची तपासणी झाली आणि एचआयव्ही भारतात पोहोचला असल्याचे प्रथमच सिद्ध झाले. सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्याच वर्षी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांमध्ये तेव्हा ‘गर्द’ या नावाने ओळखले जाणारे हेरॉइन पसरत होते.

एका घटनेचा विषय विषाणू होता, दुसरीचा व्यसन. मनाच्या आजाराचा तिसरा प्रवाह त्याआधीच वाहू लागला होता: राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आखला गेला होता. या तिन्ही प्रवाहांना स्वतंत्र तज्ज्ञ मिळाले, स्वतंत्र निधी मिळाला, स्वतंत्र इमारती मिळाल्या. माणसाच्या शरीरात मात्र ते फार लवकर एकत्र आले. शरीरात एकत्र आलेल्या या तीन आजारांना रुग्णालयात एकत्र यायला किती काळ लागला आणि त्या विलंबाची किंमत काय होती, याचा हा इतिहास आहे.

इंफाळ: सहा महिन्यांत निम्मे

मणिपूरची पूर्व सीमा म्यानमारला लागून आहे. मोरेह या सीमेवरच्या गावातून येणारे शुद्ध पांढरे हेरॉइन, ज्याला तिकडे ‘नंबर चार’ म्हणत, १९८० च्या दशकाच्या आरंभी इंफाळच्या तरुणांपर्यंत पोहोचले. ते सुईने टोचून घेतले जाई. सुया मिळणे अवघड होते आणि त्या बाळगणे धोक्याचे. १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा नुकताच लागू झाला होता, आणि खिशातली सिरिंज पोलिसांच्या लेखी पुराव्यासारखी होती. परिणामी एकच सुई अनेकांच्या हाती फिरे.

सप्टेंबर १९८९ पर्यंत मणिपुरात सुईने नशा घेणाऱ्यांच्या तपासलेल्या नमुन्यांत एचआयव्ही आढळला नव्हता. त्यानंतरच्या सुमारे सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी निम्म्यांमध्ये तो आढळला. लैंगिक संबंधांतून हा विषाणू तुलनेने सावकाश पसरतो. दूषित सुई त्याला थेट रक्तात नेऊन सोडते, म्हणून सुयांच्या सामायिक जाळ्यात एकदा शिरला की त्याचा आलेख जवळपास उभा चढतो. इंफाळच्या आकड्यांनी हे जगाला दाखवून दिले.

पहिला प्रतिसाद भीतीचा होता. अनेक व्यसनाधीन तरुणांना तुरुंगात डांबण्यात आले. काहींना त्यांच्या कुटुंबीयांनीच पोलिसांच्या हवाली केले. दुसरा प्रतिसाद समाजाच्या आतून आला. १९९० मध्ये इंफाळमध्ये ‘सासो’ ही संस्था उभी राहिली, आणि ती उभारणारे स्वतः व्यसनातून गेलेले लोक होते. त्यांनी व्यसनी मित्रांच्या घरी जाणे, जखमा धुणे, स्वच्छ सुया पोहोचवणे अशी कामे सुरू केली. १९९६ मध्ये मणिपूर सरकारने स्वतःचे एड्स धोरण स्वीकारले आणि त्यात ‘हानी कमी करणे’ या तत्त्वाला मान्यता दिली. एखादा माणूस आज नशा सोडू शकत नसेल, तर आज त्याला निदान विषाणूपासून वाचवावे, असे ते तत्त्व. देशातील अन्य राज्यांच्या आधी एका छोट्या सीमावर्ती राज्याने हा विचार कागदावर आणला होता.

दहा अब्ज विषाणू, तीन औषधे

उपचाराची कथा याच काळात वेगळ्या दिशेने पुढे सरकत होती. १९८७ मध्ये झिडोव्हुडिन हे पहिले औषध वापरात आले. पण एकट्या औषधाला विषाणू काही महिन्यांतच सरावत असे. ते का, याचे उत्तर १९९६ मध्ये एका सुंदर गणिताने दिले. लॉस अलामोस प्रयोगशाळेतील अॅलन पेरेल्सन आणि न्यूयॉर्कमधील डेव्हिड हो यांच्या गटाने रुग्णांना विषाणूरोधक औषध देऊन रक्तातील विषाणूंची घट काही तासांच्या अंतराने मोजली. किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्य काढावे तशीच ही रीत होती. उत्तर आले ते असे: रक्तातील विषाणूचे अर्धायुष्य सुमारे सहा तास, बाधित पेशीचे सुमारे दीड दिवस, आणि शरीरात दररोज निर्माण होणारे नवे विषाणू सुमारे दहा अब्ज.

म्हणजे वर्षानुवर्षे शांत भासणाऱ्या रुग्णाच्या शरीरात रोज एक युद्ध चालू असते. एचआयव्हीचा जनुकसंच साडेनऊ हजारांच्या आसपास अक्षरांचा आहे आणि त्याची नक्कल करणारे विकर बरेच चुकते. दहा अब्ज नकला आणि इतक्या चुका असल्या, तर एका अक्षराचा कोणताही बदल रोज कुठे ना कुठे घडतोच. एका औषधाला निष्प्रभ करणारा बदल अशा रीतीने आपोआप तयार असतो. तीन वेगळ्या ठिकाणी आघात करणारी तीन औषधे एकाच वेळी दिली, तर तिन्ही बदल एकाच विषाणूत एकत्र येण्याची शक्यता नगण्य होते. १९९६ पासून रूढ झालेल्या त्रिऔषधी उपचाराचा पाया हा आहे.

या गणितात एक अट दडलेली आहे. तिन्ही औषधे रक्तात एकाच वेळी, सतत असली पाहिजेत. औषधांची अर्धायुष्ये मात्र सारखी नसतात. भारतात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या संयोगातील नेव्हिरॅपिन रक्तात बराच काळ रेंगाळते, तर जोडीची औषधे त्याच्या आधी ओसरतात. रुग्णाने तिन्ही गोळ्या एकदमच थांबवल्या तरी काही दिवस शरीरात प्रत्यक्षात एकटे नेव्हिरॅपिन उरते, आणि त्याला हरवायला विषाणूला एकच बदल पुरतो. त्यामुळे थोडी कमी औषधे म्हणजे थोडा कमी गुण, असा सरळ हिशेब येथे लागत नाही. वारंवार घेतलेली आणि वारंवार सोडलेली औषधे विषाणूला प्रतिकार शिकवतात.

२००० मध्ये अमेरिकेतील डेव्हिड पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र बसवून ८१ रुग्णांचे औषधसातत्य मोजले. ९५ टक्के किंवा त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांत उपचार अपयशी ठरला. ८० टक्क्यांहून कमी मात्रा घेणाऱ्यांत अपयश ८० टक्क्यांवर गेले. तेव्हापासून ‘९५ टक्के’ हा आकडा जगभरच्या दवाखान्यांच्या भिंतींवर झळकू लागला. त्याच शोधनिबंधातील दुसरा निष्कर्ष मात्र तितक्या आवर्जून कुणी भिंतीवर लावला नाही: सक्रिय मानसिक आजार हा औषधे चुकण्याचा स्वतंत्र धोकाघटक होता.

‘आधी नशा सोडा’

एव्हाना औषधांची किंमत हा अडसर मोठा होता. पाश्चात्त्य देशांत वर्षभराच्या उपचाराला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीच त्रिऔषधी योजना एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदतसंस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात, देऊ केली. तीन औषधे एकाच गोळीत बसवण्याचे काम भारतीय कंपन्यांनी केले. औषधसातत्याच्या दृष्टीने ही क्रांती होती, कारण तीन गोळ्यांपैकी एखादीच घेण्याची शक्यता तिने संपवली.

तरी हा एक डॉलरही भारतातील बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर होता. सुनीती सॉलोमन यांनी वडिलांच्या नावाने चेन्नईत १९९३ मध्ये स्थापन केलेल्या वाय. आर. गायतोंडे केंद्रात संशोधकांनी रुग्णांना औषधे चुकण्याची कारणे विचारली, तेव्हा खर्च हे सर्वांत ठळक कारण पुढे आले. दागिना विकून दोन महिने गोळ्या घ्यायच्या आणि पैसे संपले की थांबायचे, असे घडत होते. जवळच्यांपासून आजार लपवण्याची धडपड हे आणखी एक कारण होते. घरात चारचौघांसमोर गोळी कशी घ्यायची?

१ एप्रिल २००४ रोजी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे ‘नाको’ने, आठ सरकारी रुग्णालयांतून मोफत उपचार सुरू केले. मुंबईचे जे. जे. रुग्णालय, चेन्नईजवळचे तांबरम आणि इंफाळची प्रादेशिक वैद्यकीय विज्ञान संस्था त्यांत होती. किमतीचा अडसर दूर झाला, आणि त्यामागे लपलेला दुसरा अडसर उघडा पडला.

हा अडसर एका समजुतीचा होता. जगभर अनेक डॉक्टर सुईने नशा घेणाऱ्यांना विषाणूरोधक उपचार देण्यास कचरत. अशी माणसे गोळ्या वेळेवर घेणार नाहीत, विषाणू औषधांना सरावेल, आणि मग तो प्रतिकारक्षम विषाणू इतरांत पसरेल, असा तो तर्क. ‘आधी नशा सोडा, मग औषध’ हा अलिखित नियम त्यातून जन्मला. चेन्नईतील पाहण्यांत दिसले की सुईने नशा घेणारे बाधित लोक उपचारास पात्र असूनही त्यांच्यापैकी फार थोडे उपचारांपर्यंत पोहोचत होते.

असाच तर्क त्या काळी आफ्रिकी रुग्णांबाबतही मांडला गेला होता; त्यांना घड्याळ पाळता येणार नाही, असे जबाबदार पदांवरील लोक बोलत होते. २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा पुरेसे औषधसातत्य राखणाऱ्यांचे प्रमाण आफ्रिकेत ७७ टक्के आणि उत्तर अमेरिकेत ५५ टक्के भरले. ज्यांच्याविषयी शंका घेतली गेली, तेच अधिक काटेकोर ठरले. नशा घेणाऱ्यांविषयीच्या शंकेची परीक्षाही अशीच आकड्यांनी व्हायला हवी होती. त्यासाठी आधी त्यांना औषध देणे आवश्यक होते.

जिभेखालची गोळी

हेरॉइनची नशा चार-सहा तासांत ओसरते आणि मग अंगदुखी, घाम, उलट्या, अस्वस्थता सुरू होते. व्यसनी माणसाचा दिवस या काही तासांच्या चक्राला बांधलेला असतो. पुढच्या मात्रेची सोय होईपर्यंत त्याला दुसरे काही सुचत नाही. सकाळ-संध्याकाळची विषाणूरोधक गोळी त्या चक्रात कुठे बसणार?

ब्युप्रेनॉर्फिन हे औषध हे चक्र तोडते. मेंदूतील ज्या ग्राहींवर हेरॉइन काम करते त्यांनाच ते घट्ट चिकटते, पण त्यांना अर्धवटच उद्दीपित करते. त्यामुळे तलफ शमते, धुंदी फारशी चढत नाही, आणि मात्रा वाढवली तरी परिणाम एका मर्यादेपलीकडे जात नाही. जिभेखाली ठेवलेली एक मात्रा दिवसभर पुरते. दिल्लीत १९९० च्या दशकात ‘शरण’ ही संस्था आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे व्यसनोपचार तज्ज्ञ यांनी या औषधाचा वापर सुरू केला. अशा उपचाराला ‘एका नशेऐवजी दुसरी नशा’ म्हणून विरोधही झाला. २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात ‘ओएसटी’ या नावाने तो राष्ट्रीय धोरणाचा भाग झाला.

ओएसटीची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. रुग्ण रोज केंद्रावर येतो, परिचारिकेच्या समोर गोळी जिभेखाली ठेवतो आणि ती विरघळेपर्यंत थांबतो. ज्याला ‘बेशिस्त’ म्हणून उपचार नाकारले जात होते, तोच माणूस येथे रोज एका खिडकीशी येत होता. त्या खिडकीतून दुसरी गोळीही देता आली असती. पण ती एआरटी केंद्रात मिळे. ते बहुधा दुसऱ्या इमारतीत, क्वचित दुसऱ्या गावात असे. मनोविकारतज्ज्ञ तिसरीकडे, आणि तोही आठवड्याच्या ठरावीक वारीच भेटे. एका माणसाच्या तीन आजारांसाठी तीन रांगा, तीन कार्डे आणि तीन वेळा आपली कहाणी सांगणे आले. डोंगराळ मणिपूर, नागालँड वा मिझोरममध्ये यांपैकी एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे.

औषधे एकमेकांशी कशी वागतात, हेही या वाटणीत हरवले. क्षयावरील रिफॅम्पिसिन यकृतातील विकरे जागवून ब्युप्रेनॉर्फिनचे रक्तातील प्रमाण खाली आणते. क्षय हा एचआयव्हीबाधितांचा नित्याचा सोबती. तेव्हा क्षयाचे उपचार सुरू झाले की रुग्णाला पुन्हा तलफ, पुन्हा अंगदुखी, आणि पुन्हा सुईकडे ओढ. नेव्हिरॅपिन व इफाव्हिरेन्झ मेथाडोनवर असाच परिणाम करतात. एका खिडकीतल्या डॉक्टरला दुसऱ्या खिडकीतले औषध ठाऊक नसेल, तर हे सारे त्याला ‘रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळला’ एवढेच दिसते.

तिसरी खिडकी

नैराश्य ही या कथेतील सर्वांत दुर्लक्षित कडी आहे. दिल्लीत सुईने नशा घेणाऱ्या चारशेहून अधिक पुरुषांच्या एका पाहणीत बहुसंख्यांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली, आणि मागील वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. रोज गोळी घेणे ही भविष्यावर विश्वास ठेवण्याची कृती आहे. ज्याला उद्याच नको आहे, त्याला वीस वर्षांनंतरच्या आयुष्यासाठी आज गोळी घ्या असे सांगणे पोकळ ठरते.

येथे औषधाचाही थोडा दोष होता. इफाव्हिरेन्झ हे दीर्घकाळ वापरात असलेले औषध काही रुग्णांत भयस्वप्ने, चक्कर, उदासी आणि क्वचित आत्मघाती विचारही निर्माण करते. आधीच खचलेल्या रुग्णाला रात्रीच्या या गोळीची भीती वाटू लागली, तर ती चुकवणे हा त्याचा निष्काळजीपणा म्हणता येत नाही.

बोस्टनमधील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन सॅफ्रेन यांनी नैराश्याची बोधात्मक-वर्तनोपचार पद्धती आणि औषधसातत्याचे प्रशिक्षण एकत्र गुंफले. मेथाडोन घेणाऱ्या बाधित रुग्णांवरील त्यांच्या २०१२ च्या चाचणीत उपचार चालू असताना नैराश्य घटले आणि औषधसातत्य सुधारले. समुपदेशन संपल्यावर नैराश्यातील सुधारणा टिकली, पण औषधसातत्यातील वाढ ओसरली. आधार काढून घेतला की सवय ढासळते, हा धडा त्यातून मिळाला. व्यसन, नैराश्य आणि एचआयव्ही या तिघांचा आधार कायमस्वरूपी असावा लागतो.

भारतापुढचा प्रश्न आणखी मूलभूत होता: इतके मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? याचे उत्तर गोव्याने दिले. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणतीही वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक बनवले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांपैकी ज्यांना सहा ते आठ बैठका मिळाल्या, त्यांच्यातील ६४ टक्के तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. जोडीने झालेल्या दुसऱ्या चाचणीत घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांपैकी समुपदेशन मिळालेल्या ३६ टक्क्यांचे पिणे सुरक्षित पातळीवर आले. इतरांत हे प्रमाण २६ टक्के होते. हे रुग्ण एचआयव्हीचे नव्हते. तरी नैराश्य आणि व्यसन या दोन्हींवरचे उपचार गावातल्याच माणसाकडून, गावातल्याच केंद्रात मिळू शकतात, हे त्यांनी सिद्ध केले. प्रत्येक एआरटी केंद्रात समुपदेशक आधीपासूनच असतो, हे लक्षात घेतले की या निष्कर्षाचे वजन कळते.

फसलेले प्रयोग काय सांगतात

विज्ञानात फसलेला प्रयोगही उत्तर देतो. मोबाइल फोन घरोघरी पोहोचल्यावर एक सोपा उपाय सुचला: रुग्ण विसरतात, तर त्यांना आठवण करून द्यावी. दक्षिण भारतात नव्याने उपचार सुरू करणाऱ्या ६३१ रुग्णांवर ही कल्पना तपासली गेली. निम्म्यांना ९६ आठवडे दर आठवड्याला ध्वनिमुद्रित फोन आणि चित्रसंदेश पाठवण्यात आले. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: विषाणुभार नियंत्रणात राहण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक नव्हता. ही चाचणी व्यसनाधीनांपुरती नव्हती. तरी गोळी चुकण्याचे मूळ केवळ विस्मरणात नसावे, असे तिने सुचवले. पैसा, अंतर, भीती, तलफ आणि उदासी यांना स्मरणसंदेश पुरत नाही.

मग तीन खिडक्या एकाच छताखाली आणल्या तर? सुनीती सॉलोमन यांचे पुत्र डॉ. सुनील सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी भारतातील २२ ठिकाणी हा प्रश्न विचारला. त्यांपैकी बारा ठिकाणे सुईने नशा घेणाऱ्यांची होती, दहा समलैंगिक संबंध ठेवणाऱ्या पुरुषांची. निम्म्या ठिकाणी तपासणी, समुपदेशन, सुया, ओएसटी आणि एआरटीशी जोडणी अशा सेवा एकत्र देणारी केंद्रे उघडण्यात आली. २०१९ मध्ये निष्कर्ष आला. एचआयव्ही तपासणीचे प्रमाण त्या ठिकाणी ३१ टक्क्यांनी अधिक होते, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठाम ठरला नाही. केंद्रात प्रत्यक्ष गेलेल्यांची स्थिती मात्र स्पष्टपणे चांगली होती. अर्थ असा की एकत्र खिडकी उपयोगी पडते; ज्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही, त्यांच्यासाठी ती नसल्यासारखीच.

२०१८ मध्ये युक्रेन, इंडोनेशिया आणि व्हिएतनाम येथील चाचणीने नेमकी हीच उणीव भरून पाहिली होती. सुईने नशा घेणाऱ्या ५०२ बाधितांपैकी एका गटाला सोबतीला एक मार्गदर्शक मिळाला. तो रुग्णाबरोबर रांगेत उभा राही, कागदपत्रे भरून घेई, व्यसनोपचार केंद्र आणि एआरटी केंद्र यांच्यात दुवा बने. जोडीला समुपदेशन होते, आणि नशा सोडण्याची पूर्वअट नव्हती. वर्षभरानंतर या गटातील ४१ टक्क्यांचा विषाणुभार दबलेला होता; नेहमीच्या व्यवस्थेतील गटात हे प्रमाण २४ टक्के होते. मृत्यूंचे प्रमाण निम्म्यावर आले. एवढा फरक कोणत्याही नव्या रेणूने घडवला नव्हता. औषधे दोन्ही गटांना तीच उपलब्ध होती.

‘आधी नशा सोडा’ या नियमाची किंमत या आकड्यांवरून कळते. १९९० च्या इंफाळमध्ये जे काम ‘सासो’चे कार्यकर्ते मित्राचा हात धरून करत होते, तेच काम तीन दशकांनी एका आंतरराष्ट्रीय चाचणीत ‘हस्तक्षेप’ या नावाने मोजले गेले, आणि ते जीव वाचवणारे ठरले.

कायदे, गोळ्या आणि उरलेले अंतर

गेल्या काही वर्षांत बरेच बदलले. उपचार सुरू करण्यासाठी पूर्वी रक्तातील सीडी-४ पेशी ठरावीक पातळीखाली जाण्याची वाट पाहावी लागे. ती पातळी २०० पासून टप्प्याटप्प्याने वर गेली आणि २०१७ मध्ये अटच रद्द झाली. २०१७ मध्येच दोन कायदे संमत झाले. एचआयव्ही कायद्याने हानी कमी करणाऱ्या उपायांना फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले. सुया वाटणारा कार्यकर्ता आता कायद्याच्या आडोशाला उभा राहू शकतो. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अंमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र ताणाखालील व्यक्ती म्हणून पाहण्याचा दंडक घातला.

२०२० च्या सुमारास राष्ट्रीय कार्यक्रमात डोल्युटेग्राव्हिरवर आधारित गोळी आली. दिवसातून एकदा घ्यायची ही गोळी प्रतिकाराला सहजी बळी पडत नाही, अधूनमधून चुकलेली मात्रा अधिक सोसते आणि ब्युप्रेनॉर्फिन वा मेथाडोनशी फारशी झटापट करत नाही. त्याच वर्षी टाळेबंदीने व्यवस्थेला अनपेक्षित प्रयोग करायला लावला. रोज केंद्रावर येणे अशक्य झाल्यावर ओएसटीच्या रुग्णांना काही दिवसांची औषधे घरी नेऊ दिली गेली, आणि एआरटीच्या गोळ्या एकदम अनेक महिन्यांच्या देण्यावर भर आला. ज्या विश्वासासाठी रुग्णांनी दोन दशके वाट पाहिली, तो महासाथीने काही आठवड्यांत मिळवून दिला.

तरीही आकडे निश्चिंत होऊ देत नाहीत. २०२१ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधित आहेत. प्रौढांमधील राष्ट्रीय प्रमाण ०.२१ टक्के आहे. मिझोरममध्ये ते २.७० टक्के, नागालँडमध्ये १.३६ आणि मणिपूरमध्ये १.०५ टक्के. सुईने नशा घेणाऱ्यांमध्ये देशभर ते ९ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे सर्वसाधारण लोकसंख्येच्या चाळीस पटींहून अधिक. १९८९ मध्ये इंफाळमध्ये उभा चढलेला आलेख पुष्कळ खाली आला आहे. तो सपाट झालेला नाही.

औषधसातत्य हा शब्द ऐकला की रुग्णाचा गुण किंवा दोष डोळ्यांसमोर येतो. चाळीस वर्षांचा हा इतिहास वेगळे सांगतो. गोळी महाग होती तेव्हा ती चुकत होती. स्वस्त झाल्यावर ती अंतरामुळे, भीतीमुळे, तलफेमुळे आणि उदासीमुळे चुकली. जिथे यांपैकी एकेक अडथळा दूर झाला, तिथे तीच ‘बेशिस्त’ ठरवलेली माणसे गोळ्या घेऊ लागली. पेरेल्सन-हो यांच्या गणिताने विषाणूचा हिशेब तासांत मांडला होता. रुग्णाचा हिशेबही तासांचाच आहे: तलफेचे चार तास, बसने जाण्याचे तीन तास, रांगेतले दोन तास, आणि ज्या खिडकीसाठी हे सगळे करायचे ती बंद होण्याची वेळ. पहिल्या हिशेबाला विज्ञानाने १९९६ मध्येच उत्तर दिले. दुसऱ्याचे उत्तर चाचण्यांतून मिळालेले आहे; ते प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या नकाशावर उतरायचे बाकी आहे.